हिस्टोन बदलांचे आकडे दर वेळी वेगळे येत असतील, तर आधी छेद तपासावा

तक्रार बहुतेक वेळा एकाच स्वरूपाची असते. हिस्टोन म्हणजे पेशीत डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो ती प्रथिने. औषध दिलेल्या आणि न दिलेल्या पेशींमध्ये एच३के२७एमई३ किंवा एच३के९एसी, म्हणजे एच३ या हिस्टोनमधील सत्ताविसाव्या लायसिन या अमिनो आम्लावरचे तीन मिथिल गट किंवा नवव्या लायसिनवरचा अॅसिटिल गट, मोजले जाते. पहिल्या खेपेला ठळक फरक दिसतो, दुसऱ्या खेपेला तो निम्म्यावर येतो आणि तिसऱ्या खेपेला त्याची दिशाच उलटते. वेस्टर्न ब्लॉट (जेलवर वेगळी केलेली प्रथिने अँटिबॉडीने ओळखण्याची पद्धत) एक सांगतो, चिप-क्यूपीसीआर (अँटिबॉडीने हिस्टोनसोबतचा डीएनए ओढून तो मोजण्याची पद्धत) दुसरेच सांगते. मग अँटिबॉडीची नवी बाटली मागवली जाते, धुण्याचे बफर बदलले जातात, एक्सपोजरचा वेळ कमीजास्त केला जातो, आणि एवढे करूनही पुढच्या खेपेचे आकडे मागच्यांशी जुळत नाहीत.

या सर्व पद्धतींमध्ये अखेरीस हाती येते ते एक गुणोत्तर असते, ही गोष्ट कामाच्या गडबडीत मागे पडते. वेस्टर्नमध्ये बदल झालेल्या एच३ला एकूण एच३ने भागले जाते, चिपमध्ये अवक्षेपित (अँटिबॉडीने ओढलेल्या) डीएनएला इनपुटने, म्हणजे आधीच बाजूला ठेवलेल्या नमुन्याने, सिक्वेन्सिंगमध्ये एका जागेवरच्या रीड्सना (वाचलेल्या डीएनए-तुकड्यांना) एकूण रीड्सनी आणि वस्तुमानावरून रेणू ओळखणाऱ्या मास स्पेक्ट्रोमेट्रीमध्ये एका पेप्टाइडच्या (प्रथिनाच्या तुकड्याच्या) एका रूपाला त्याच पेप्टाइडच्या सर्व रूपांच्या बेरजेने. अंशाकडे सर्वांचे लक्ष असते, कारण प्रश्न त्याच्याविषयीचा असतो. छेद मात्र गृहीत धरला जातो. माझे मत असे की पुन्हापुन्हा उद्भवणाऱ्या या विसंगतीचे मूळ बहुतेकदा छेदात असते, आणि तो न तपासता अँटिबॉडी बदलत राहणे म्हणजे साप सोडून भुई धोपटणे होय.

विसंगती नेमकी कोणत्या पायरीवर शिरते

काहीही बदलण्याआधी एक साधा प्रयोग करावा. त्यासाठी वेगळे साहित्य लागत नाही, फक्त एक दिवस लागतो. एकाच डिशमधील पेशी उचलून त्यांचे दोन भाग करावेत आणि पुढची सर्व प्रक्रिया दोन्ही भागांवर स्वतंत्रपणे करावी. यांपैकी एका भागातून हिस्टोन वेगळे काढल्यावर त्याचेही दोन भाग करून ते वेगवेगळे मोजावेत, आणि शेवटी एकाच नळीतील नमुना जेलच्या दोन लेनमध्ये किंवा क्यूपीसीआरच्या दोन वेगळ्या प्लेट्समध्ये घालावा. शेवटच्या टप्प्यावरचेच आकडे जुळत नसतील, तर दोष मोजणीत आहे. ते जुळत असून हिस्टोन काढल्यानंतरचे दोन भाग जुळत नसतील, तर दोष प्रथिनाच्या मोजमापात किंवा नमुना घालण्यात आहे. पेशींचेच दोन भाग जुळत नसतील, तर दोष हिस्टोन काढण्यात आहे. आणि हे सर्व जुळत असून फक्त वेगवेगळ्या दिवशी वाढवलेल्या पेशीच जुळत नसतील, तर प्रयोगशाळेतली पद्धत ठीक असून पेशीच खरोखर वेगळ्या अवस्थेत आहेत. पाणी कुठे मुरते आहे हे एकदा कळले की पुढच्या दुरुस्तीला दिशा मिळते. ही चाचणी न करता प्रोटोकॉलमध्ये एकाच वेळी तीनचार बदल केले, तर सुधारणा झाली तरी ती कशामुळे झाली हे कधीच समजत नाही.

पेशींची अवस्था

सर्वांत दुर्लक्षित कारण हेच आहे. एच३एस१० वरील फॉस्फोरिलेशन मायटोसिसमध्ये प्रचंड वाढते आणि एच४के२०एमई१ जी२ ते मायटोसिस या काळात चढते; त्यामुळे विरळ वाढणाऱ्या आणि दाटून थांबलेल्या पेशींची तुलना केली, तर पेशीचक्रातला फरकच हिस्टोनमधला फरक म्हणून मोजला जातो. अॅसिटिलेशन पेशीतील अॅसिटिल-कोएन्झाइम-एच्या उपलब्धतेवर अवलंबून असल्यामुळे माध्यम शेवटचे कधी बदलले होते यालाही महत्त्व येते. म्हणून दोन्ही गट एकाच दिवशी पेरलेले, जवळपास सारख्या घनतेचे आणि एकाच वेळी ताजे माध्यम दिलेले असावेत, आणि पेशी उचलतेवेळी त्या मोजून ती संख्या वहीत लिहावी. ही संख्या पुढे फार उपयोगी पडते.

औषध दिल्यापासून किती वेळाने मोजले, हाही याच सदरातला प्रश्न आहे. हिस्टोन डीअॅसिटिलेज रोखणाऱ्या औषधांचा परिणाम काही तासांतच दिसतो, कारण अॅसिटिल गट सतत लावले आणि काढले जात असतात. एच३के२७वर मिथिल गट लावणारे ईझेडएच२ हे एन्झाइम रोखणाऱ्या औषधाचे तसे नाही. एच३के२७एमई३ मुख्यतः पेशी विभाजित होताना नव्या हिस्टोनच्या मिश्रणाने पातळ होत जाते, त्यामुळे त्याची घट दिसायला काही दिवस लागतात आणि ती पेशी किती वेळा विभाजित झाल्या यावर ठरते. त्याच औषधामुळे पेशींची वाढ मंदावली असेल, तर घटही मंदावते. एका खेपेला दोन दिवसांनी आणि दुसऱ्या खेपेला चार दिवसांनी मोजलेले आकडे जुळावेत, अशी अपेक्षाच येथे करता येत नाही.

पेशी फोडल्यानंतरची पहिली काही मिनिटे

पेशी फुटली की तिच्यातील एन्झाइम्स कामाला लागतात. डीअॅसिटिलेज अॅसिटिल गट काढतात, फॉस्फेटेज फॉस्फेट काढतात आणि प्रोटीएज हिस्टोनची शेपटीच, म्हणजे हे बदल ज्यावर बसतात ते मोकळे टोकच, तोडतात. अॅसिटिलेशन मोजायचे असेल तर बफरमध्ये सोडियम ब्यूटिरेट साधारण ५ ते १० मिलिमोलर असावे, सर्टुइन गटाच्या डीअॅसिटिलेज एन्झाइम्ससाठी निकोटिनामाइड घालावे, आणि फॉस्फोरिलेशन मोजायचे असेल तर फॉस्फेटेज रोधक विसरू नयेत. पीएमएसएफ हे प्रोटीएज रोधक पाण्यात टिकत नाही. काल बनवलेल्या बफरमध्ये ते आज असून नसल्यासारखे असते, म्हणून ते दर वेळी वापरण्याच्या क्षणी घालावे.

शेपटी तुटण्याचा दोष जेलवर ओळखता येतो. एच३चे वस्तुमान साधारण १५ किलोडाल्टन असले तरी तो जेलवर १७च्या आसपास दिसतो. सी-टोकाला, म्हणजे शेपटीच्या विरुद्ध टोकाला, ओळखणाऱ्या एच३ अँटिबॉडीने डाग घेतल्यावर मुख्य बँडच्या थोडा खाली दुसरा फिकट बँड दिसला आणि बदल ओळखणाऱ्या अँटिबॉडीला मात्र तो दिसला नाही, तर एन-टोकाची शेपटी तुटलेली आहे. अशा नमुन्यात छेद दोन्ही बँड मोजतो आणि अंश एकच, म्हणून बदल घटल्याचा खोटा निष्कर्ष निघतो. मात्र प्रत्येक खालचा बँड हा हलगर्जीपणाचा पुरावा नसतो. उंदराच्या भ्रूणीय मूलपेशी विशेषित होताना कॅथेप्सिन एल हे एन्झाइम एच३ची शेपटी कापते, हे २००८ मध्ये दाखवले गेले आहे. तेव्हा तो बँड सर्व नमुन्यांत आहे की एकाच अवस्थेत आहे, हे पाहून मगच ठरवावे. पेशी थेट उकळत्या एसडीएस (एन्झाइम्स निकामी करणारे डिटर्जंट) बफरमध्ये घेतल्यावर तो बँड नाहीसा झाला, तर तो नमुना तयार करताना निर्माण झाला होता असे समजावे.

आम्ल वापरून हिस्टोन काढताना, म्हणजे ०.२ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल किंवा ०.४ नॉर्मल सल्फ्युरिक आम्ल वापरताना, आणखी एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. लोडिंग बफर घातल्यावर निळा रंग पिवळा पडला, तर नमुन्यात आम्ल शिल्लक आहे. तसाच नमुना जेलवर चढवला, तर लेन वाकडी धावते आणि शेजारच्या लेनही बिघडवते. रंग पुन्हा निळा होईपर्यंत थोडेथोडे ट्रिस (आम्लता घालवणारे बफर) घालावे आणि ते घातलेले आकारमान सर्व नमुन्यांत सारखे ठेवावे. आम्लाने काढलेल्या नमुन्यात अॅक्टिन किंवा जीएपीडीएच छेद म्हणून वापरू नये. ही प्रथिने त्या नमुन्यात विश्वासार्ह प्रमाणात उतरतच नाहीत.

वेस्टर्न ब्लॉट: एकूण एच३ संपृक्त झालेला असतो

वेस्टर्नमधील बहुतेक गोंधळ येथे आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. पेशीत एच३ विपुल असतो. बदल झालेल्या एच३चा बँड नीट दिसावा इतका नमुना जेलवर चढवला, की त्याच नमुन्यातील एकूण एच३चा बँड संपृक्त होतो. डोळ्यांना तो सर्व लेनमध्ये छान एकसारखा दिसतो आणि लोडिंग समान असल्याचा पुरावा म्हणून अहवालात जातो. प्रत्यक्षात तो एकसारखा दिसतो, कारण त्याने मर्यादा गाठलेली असते. समजा एका लेनमध्ये चुकून निम्माच नमुना गेला. बदलाचा बँड १०० वरून ५० वर येईल, पण संपृक्त एच३ १०० वरून ९५ वरच येईल, आणि गुणोत्तर ०.५३ दाखवेल. हातातून झालेला पिपेटचा फरक अशा रीतीने जैविक शोध म्हणून छापला जातो.

उपाय कष्टाचा नाही. एकाच नमुन्याच्या पाच पायऱ्या कराव्यात, उदाहरणार्थ ०.२५, ०.५, १, २ आणि ४ मायक्रोग्रॅम, आणि दोन्ही अँटिबॉडींसाठी वेगवेगळा आलेख काढावा. नमुना दुप्पट झाल्यावर बँडची तीव्रताही दुप्पट होते, तेवढाच पट्टा वापरायचा. दोन्ही अँटिबॉडींचे पट्टे वेगवेगळे निघाले, तर एकाच मेम्ब्रेनवर दोन्ही मोजण्याचा हट्ट सोडावा. एकूण एच३साठी त्याच नमुन्याचे पातळ केलेले रूप वेगळ्या जेलवर चालवावे आणि पातळीकरणाचा हिशेब लिहून ठेवावा. मेम्ब्रेनवरची पहिली अँटिबॉडी काढून दुसरी लावण्याची पद्धत मी शक्यतो टाळण्यास सांगेन, कारण काढण्याच्या प्रक्रियेत हिस्टोनही धुपून जातात आणि किती गेले ते समजत नाही. वेगवेगळ्या प्राण्यांतील दोन अँटिबॉडी आणि दोन रंगांचे फ्लुओरोफोर वापरता आले, तर अंश आणि छेद एकाच बँडवर एकाच वेळी वाचता येतात, आणि ते सर्वांत चांगले.

हिस्टोन लहान आणि धनप्रभारित असल्यामुळे ट्रान्सफरमध्येही, म्हणजे जेलवरून मेम्ब्रेनवर नेतानाही, ते हातातून निसटतात. ०.४५ मायक्रोमीटर छिद्रांच्या मेम्ब्रेनमधून ते आरपार जाऊ शकतात, म्हणून ०.२ मायक्रोमीटरचे मेम्ब्रेन घ्यावे. शंका असेल तर पहिल्या मेम्ब्रेनच्या मागे दुसरे ठेवून पाहावे. दुसऱ्यावर पोन्सो रंगाने हिस्टोनच्या पट्ट्या दिसल्या, तर ट्रान्सफर जास्त वेळ चालला आहे. पोन्सोचे छायाचित्र दर वेळी घेऊन ठेवण्याचा मी आग्रह धरेन. एच३, एच२ए-एच२बी आणि एच४ या पट्ट्या तेथे दिसतात, आणि अँटिबॉडीवर मुळीच अवलंबून नसलेला छेद त्यातून हाती येतो.

प्रथिनाच्या मोजमापाबद्दल एक गोष्ट. ब्रॅडफर्ड चाचणीतला रंग मुख्यतः आर्जिनिन-लायसिनसारख्या अमिनो आम्लांना चिकटतो, आणि हिस्टोनमध्ये त्यांचेच प्रमाण असाधारण असते. त्यामुळे अल्ब्युमिनच्या मानकावरून निघालेली संख्या खरे प्रमाण मानू नये. लोडिंगचा अंतिम निर्णय कूमासीने रंगवलेल्या छोट्या जेलवर करावा.

अँटिबॉडी

छेद ठीक ठरला, की मग अँटिबॉडीकडे वळावे. तिच्यावर शंका घेणे चूक नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या तपासणीत दोनशेहून अधिक हिस्टोन अँटिबॉडी पारखल्या गेल्या होत्या आणि त्यांपैकी चौथ्या हिश्शाहून अधिक अँटिबॉडी विशिष्टतेच्या कसोटीला उतरल्या नव्हत्या. ज्या उतरल्या, त्यांतल्याही वीस टक्क्यांहून अधिक चिपमध्ये अपयशी ठरल्या. एच३च्या शेपटीत नववे आणि सत्ताविसावे लायसिन एकाच चार अमिनो आम्लांच्या क्रमात, म्हणजे अॅलॅनिन-आर्जिनिन-लायसिन-सेरिन या क्रमात येते, त्यामुळे के९ आणि के२७ यांच्यात गल्लत होण्यास रचनेतच वाव आहे. एक, दोन आणि तीन मिथिल गटांमधला फरक न ओळखणे, हा दुसरा नेहमीचा दोष आहे.

याउलट दोषही असतो आणि त्याकडे कमी लक्ष जाते. अँटिबॉडी विशिष्ट असते, पण शेजारचा बदल तिला बसू देत नाही. एच३एस१० वर फॉस्फेट आले की शेजारच्या के९एमई३ला ओळखणाऱ्या अनेक अँटिबॉडींची पकड सुटते. मायटोसिसमध्ये अडकवलेल्या पेशींत के९एमई३ घटल्यासारखे दिसते, ते कित्येकदा यामुळेच. नमुन्याला आधी फॉस्फेटेज लावून पुन्हा मोजल्यास सिग्नल परत येतो का, हे पाहावे.

तपासणीसाठी के९ आणि के२७ यांचे शून्य ते तीन मिथिल गट असलेले आणि अॅसिटिल गट असलेले पेप्टाइड्स मेम्ब्रेनवर थेंबाथेंबाने लावून घ्यावेत. ही पट्टी एकदा करून ठेवली की प्रत्येक नव्या बाटलीची परीक्षा एका दुपारी होते. पॉलिक्लोनल (प्राण्याच्या रक्तातून मिळणाऱ्या मिश्र) अँटिबॉडीचा लॉट बदलला की ती नवीच अँटिबॉडी आहे असे समजून चालावे. लॉट क्रमांक प्रत्येक प्रयोगासोबत लिहिलेला नसेल, तर जुन्या आणि नव्या आकड्यांची तुलना करण्यात अर्थ नाही. पुनःसंयोजित मोनोक्लोनल, म्हणजे ज्ञात जनुकावरून बनवलेली एकजिनसी अँटिबॉडी, उपलब्ध असेल तर ती घ्यावी. खर्च जास्त असला तरी दोन वर्षांनी आकडे जुळण्याची शक्यता त्यातच अधिक असते.

चिप-क्यूपीसीआर: टक्केवारीतला इनपुट

हिस्टोन आणि डीएनए एकमेकांना जखडणाऱ्या फॉर्मल्डिहाइडपासून सुरुवात करू. नेहमीचे प्रमाण १ टक्का, खोलीच्या तापमानाला १० मिनिटे आणि नंतर क्रिया थांबवायला १२५ मिलिमोलर ग्लायसीन. बाटलीच्या तळाशी पांढरा साका दिसला, तर द्रावणातले फॉर्मल्डिहाइड बहुगुणित होऊन बाहेर पडले आहे आणि लेबलवरचे प्रमाण आता खरे नाही. वेळ जास्त झाला की क्रोमॅटिन (हिस्टोन आणि डीएनए यांचे मिश्र रूप) नीट तुटत नाही आणि लायसिनवरच क्रिया होत असल्यामुळे अँटिबॉडीची जागाही झाकली जाते. तुकडे २०० ते ५०० बेस जोड्यांचे हवेत. ते तपासताना क्रॉसलिंक काढून, आरएनएज आणि प्रोटिनेज के लावूनच जेलवर घ्यावेत. घाईने तसेच चढवले तर तुकडे आहेत त्याहून मोठे भासतात आणि विनाकारण सोनिकेशन (ध्वनिलहरींनी तोडणे) वाढवले जाते. सोनिकेशननंतर एसडीएस ०.१ टक्क्यापर्यंत पातळ झाल्याशिवाय अँटिबॉडी घालू नये.

आता हिशेब. इनपुट म्हणून १ टक्का क्रोमॅटिन बाजूला ठेवला आणि त्याचा सीटी (क्यूपीसीआरमध्ये डीएनए दिसू लागेपर्यंतची चक्रे; दर चक्राला डीएनए दुप्पट होतो) २५.० आला. शंभर पट दुरुस्तीसाठी त्यातून ६.६४ वजा केले, म्हणजे १८.३६. अवक्षेपित नमुन्याचा सीटी २४.० असेल, तर फरक ५.६४ चक्रांचा आणि उत्तर सुमारे २ टक्के. पुढच्या खेपेला अवक्षेपित नमुना तंतोतंत तोच, २४.०, पण इनपुटचा सीटी २४.५. उत्तर १.४ टक्के. बदलाला ओळखणाऱ्या अँटिबॉडीने दोन्ही वेळा तेवढेच काम केले, तरी निकाल तीस टक्क्यांनी घसरला. चिकट क्रोमॅटिनमधून एकदोन मायक्रोलीटर उचलताना अर्ध्या चक्राइतका फरक सहज पडतो. म्हणून १ टक्क्याऐवजी १० टक्के इनपुट घ्यावा, त्याचे दोन स्वतंत्र भाग करावेत आणि दुरुस्ती ६.६४ ऐवजी ३.३२ धरावी.

इनपुट मोठ्या प्रमाणात असल्यामुळे त्यात क्यूपीसीआर रोखणारे अवशेषही अधिक असू शकतात. तो दहा पट पातळ करून पाहावा. सीटी ३.३ चक्रांनी पुढे सरकायला हवा. अडीच चक्रांनीच सरकला, तर मूळ इनपुटमध्ये अडथळा आहे, त्याचा सीटी वाजवीपेक्षा जास्त येतो आहे आणि त्यामुळे टक्केवारी फुगलेली आहे. असा इनपुट पुन्हा शुद्ध करूनच वापरावा.

सर्वांत फसवे कारण मात्र अँटिबॉडी आणि क्रोमॅटिन यांच्या परस्पर प्रमाणात दडलेले असते. वरच्याच उदाहरणात दुसऱ्या खेपेला पेशी दुप्पट निघाल्या आणि सर्वच्या सर्व वापरल्या, अँटिबॉडी मात्र तेवढीच ठेवली, असे समजू. अँटिबॉडी आधीच भरलेली असेल, तर ती पहिल्याइतकेच न्यूक्लिओसोम (डीएनए गुंडाळलेले हिस्टोनचे गट) ओढेल आणि सीटी २४.० राहील, इनपुट मात्र दुप्पट होऊन त्याचा सीटी २४.० वर येईल. टक्केवारी २ वरून थेट १ वर. वरवर पाहता बदल निम्म्याने घटला, प्रत्यक्षात काहीच घटले नाही. जास्त विपुल असलेल्या बदलांत, विशेषतः एच३के२७एमई३सारख्या विस्तृत पसरलेल्या बदलात, हे हमखास घडते. अँटिबॉडी लावण्यापूर्वी प्रत्येक नमुन्यातील डीएनए मोजून सर्व नमुने एका प्रमाणावर आणावेत, आणि प्रत्येक नव्या अँटिबॉडीसाठी ठरावीक क्रोमॅटिनवर तिच्या चारपाच मात्रा वापरून ती कुठे भरते हे एकदा पाहून ठेवावे. अँटिबॉडी पकडणारे बीड्स निवडतानाही लक्ष असावे: सशाच्या अँटिबॉडी प्रोटीन-एला चांगल्या चिकटतात, उंदराच्या आयजीजी१ मात्र त्याला कमकुवत चिकटतात आणि त्यांना प्रोटीन-जी लागते.

शिवाय, इनपुट हा डीएनएचा छेद आहे, न्यूक्लिओसोमचा नव्हे. औषधामुळे एखाद्या प्रमोटरवरचा (जनुकाच्या सुरुवातीच्या नियंत्रक भागावरचा) न्यूक्लिओसोमच हटला, तर तेथे एच३के४एमई३ची टक्केवारी घटेल, पण उरलेल्या हिस्टोनवरचा बदल तसाच असेल. म्हणून त्याच क्रोमॅटिनवर एकूण एच३ची चिप सोबत करावी आणि दोन्ही आकडे द्यावेत. प्रत्येक खेपेला बदल नक्की असतो अशी एक जागा आणि तो नक्कीच नसतो अशी एक जागा ठेवावी. एच३के४एमई३साठी जीएपीडीएचचा प्रमोटर ही होकारार्थी जागा चालते आणि जनुकविरहित प्रदेश ही नकारार्थी; पेशीप्रकारानुसार शांत असलेले हॉक्स जनुक एच३के२७एमई३साठी उपयोगी पडतात. या दोन जागांचे परस्पर गुणोत्तर खेपेगणिक स्थिर असेल आणि फक्त टक्केवारी हलत असेल, तर दोष इनपुटचा. गुणोत्तरच हलत असेल, तर दोष अवक्षेपणाचा किंवा धुण्याचा.

बदल सर्वत्र घटला असेल तेव्हा

सिक्वेन्सिंगमध्ये छेदाचा प्रश्न आणखी तीव्र होतो. प्रत्येक नमुन्याचे रीड्स एकूण रीड्सनी भागले, तर सर्व जागांवर सारख्याच प्रमाणात झालेली घट गणितातून नाहीशी होते. वेस्टर्न एच३के२७एमई३ जवळपास संपल्याचे सांगतो आणि सिक्वेन्सिंगचे आलेख मात्र दोन्ही नमुन्यांत सारखे दिसतात, या विसंगतीत कोणतीही पद्धत बिघडलेली नसते. यावर २०१४ मध्ये मांडलेला उपाय म्हणजे सर्व नमुन्यांत फळमाशीच्या पेशींचे क्रोमॅटिन ठरावीक प्रमाणात मिसळणे आणि तिच्या रीड्सना छेद मानणे; डॉट१एल हे एन्झाइम रोखल्यावर एच३के७९एमई२मध्ये होणारी सार्वत्रिक घट त्यातूनच दिसली. हे मिश्रण पेशींच्या संख्येच्या प्रमाणात करावे, आणि म्हणूनच सुरुवातीला मोजलेली संख्या वहीत हवी. ते अवक्षेपणानंतर घालून उपयोग नाही, कारण अवक्षेपणातला फरकच तर मोजायचा आहे. मिसळलेले प्रमाण प्रत्यक्षात किती होते, हे इनपुटच्या सिक्वेन्सिंगमधून वाचून दुरुस्ती करावी. नळीत घातलेल्या आकारमानावर विसंबू नये.

अँटिबॉडीजवळचा डीएनए एन्झाइमने जागेवरच कापून चिन्हांकित करणाऱ्या कट अँड टॅग पद्धतीतही हाच नियम लागू आहे. तेथे वेगळे लक्ष द्यायचे ते मिठाच्या प्रमाणाकडे: टीएन५ एन्झाइम कमी मिठात अँटिबॉडीशिवायही उघड्या क्रोमॅटिनवर बसते, म्हणून ३०० मिलिमोलर सोडियम क्लोराइडचे धुणे गाळू नये. एच३के२७एमई३च्या आलेखात सक्रिय प्रमोटरवर शिखरे दिसू लागली, तर प्रथम हेच तपासावे.

मास स्पेक्ट्रोमेट्रीकडे पंच म्हणून जाताना

अँटिबॉडींचे वाद मिटवण्यासाठी मास स्पेक्ट्रोमेट्री उत्तम, पण तिचाही छेद पारखावा लागतो. हिस्टोनवर ट्रिप्सिन हे प्रथिने कापणारे एन्झाइम लावण्याआधी प्रोपिओनिक अॅनहायड्राइडने लायसिन झाकले जातात, जेणेकरून कापणी फक्त आर्जिनिनपाशी व्हावी. ही झाकणी अपुरी राहिली तर तेच पेप्टाइड अनेक तुकड्यांत विभागले जाते आणि बेरीज कमी भरते. झाकणी न झालेले आणि लायसिनपाशी कापले गेलेले रूप शोधून त्याचा वाटा किती आहे हे आधी पाहावे. के४ असलेले पेप्टाइड आखूड आणि पाण्यात मिसळणारे असल्यामुळे पेप्टाइड्स वेगळे करणाऱ्या स्तंभावर नीट टिकत नाही, म्हणून तेथील आकड्यांवर के९ किंवा के२७ इतका भरवसा ठेवू नये. तीन मिथिल गटांचे वस्तुमान ४२.०४७ डाल्टन आणि एका अॅसिटिल गटाचे ४२.०११. फरक फक्त ०.०३६ डाल्टनचा. उच्च विभेदनाचे यंत्र नसेल तर ही दोन रूपे एकमेकांच्या खात्यात जमा होतात. मात्र ती स्तंभातून एकाच वेळी बाहेर पडत नाहीत: ट्रायमिथिल रूप झाकले गेलेले नसल्यामुळे आधी येते, अॅसिटिल रूप बरेच नंतर, झाकलेल्या मूळ रूपाच्या थोडे आधी. यंत्राचे विश्लेषण करणाऱ्याकडून केवळ टक्केवारीचा तक्ता न घेता के९ आणि के२७ या दोन्ही पेप्टाइड्सचे मूळ क्रोमॅटोग्राम मागून घ्यावेत आणि हा क्रम स्वतः पडताळून पाहावा.